आलो की आले

चाळिशी उलटल्यावर मी विद्यापीठात लेखन आणि प्रकाशन शिकायला गेले. कारण साधे होते. बेळगावातल्या ज्या मराठी दैनिकात मी उपसंपादक होते, त्याची पाने पुढे मुख्य कचेरीत, सीमेपलीकडे लागणार होती. बातमीदार इथेच राहतील, संपादनाचा डेस्क राहणार नाही, असे आम्हाला एका दुपारी चहाच्या वेळी सांगण्यात आले. सांगणारे गृहस्थ सभ्य होते. "लगेच काही नाही, पण बाहेर काहीतरी बघून ठेवा," असे म्हणून त्यांनी कप खाली ठेवला. त्या दिवशीचे पान नेहमीच्या वेळेवर गेले.

बाहेर बघण्यासारखे फार नव्हते. कन्नड मला बोलता येते, वाचता येते. त्यात लिहून पोट भरण्याइतके येत नाही. शिक्षिकेची पदवी नाही. दुसऱ्याने लिहिलेले नीट करणे, एवढे एकच काम मला येते. डेस्कवरच्या एका सहकाऱ्याने मोबाइलवर एक माहितीपत्रक पाठवले. पलीकडच्या विद्यापीठाचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम होता, वर्ग शनिवारी आणि रविवारी. 'लेखन, संपादन व प्रकाशन: रोजगारक्षम कौशल्यांची नवी दिशा' असा मथळा होता. तो माझ्या हाताखालून गेला असता तर मी निम्मा केला असता. पण पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. वर्षाअखेरीच्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा पुण्यातल्या एका प्रकाशनसंस्थेचे संपादक घेतात आणि दरवर्षी त्या तुकडीतल्या एकाला संपादनाचे काम देतात. काम घरबसल्या. त्या शब्दासाठी मी अर्ज भरला.

मी बेळगावातच, वडगाव भागात थोरल्या भावाकडे राहते. पुढच्या खोलीत त्याचे दोन माग चालतात, त्यामुळे आमच्या घरात सगळे जरा मोठ्यानेच बोलतात. अर्जाची गोष्ट सांगितली तेव्हा अण्णाने माग थांबवला नाही.

"इतकी वरसं पेपरात लिवालीस आणि आता लिवायला शिकाय चाललीस व्हय?"

"लिवायला न्हाय अण्णा, पुस्तक काढायला."

"मग काढ की. कोण नको म्हणालंय? त्येला कालेज कशाला?"

वहिनी सुताच्या कांड्या भरत होती. ती म्हणाली, "जाऊ दे की तिला. तुमी तरी कुटं शाळंत शिकलाय साडी विणाय?"

"त्येच म्हणालोय मी," अण्णा म्हणाला. "शाळंत न जाता येतंय की."

मी शनिवारची सुट्टी मागून घेतली आणि पहाटेची बस धरली.

पुढे वर्षभर हा रस्ता होता: बेळगाव, संकेश्वर, निपाणी, मग सीमेवरचा नाका, मग पलीकडे. बसच्या पाटीवर बेळगावी, तिकिटावर बेळगावी, आणि मांडीवरच्या आमच्या पेपरात बेळगाव. खिडकीतून ऊस दिसायचा, नाक्यानंतरही ऊसच दिसायचा. जाताना मोबाइलवर एका राज्याचा स्वागतसंदेश यायचा, येताना दुसऱ्या राज्याचा. पहिले काही आठवडे मी बसमध्ये वाचत असे. नंतर झोपू लागले.

वर्गात बहुतेक मुले विशीतली होती. ती आपापसांत 'कन्टेन्ट' म्हणत. मला ती ताई म्हणत आणि खुर्ची पुढे सरकवून देत. आठवडाभर डेस्कवर मुद्रितशोधन करायचे आणि शनिवारी मुद्रितशोधनाच्या खुणा फळ्यावरून उतरवून घ्यायच्या, यात शिकण्यापेक्षा बसून राहणेच जास्त होते. काही गोष्टी मात्र खरोखर नवीन होत्या: पुस्तकाचे पान पेपरच्या पानासारखे भरायचे नसते, समास रिकामा ठेवायचा असतो, प्रकरण उजव्या हाताला सुरू करतात आणि त्यासाठी डावे पान कोरे गेले तरी चालते. कोरे पान सोडायला माझा हात पहिल्यांदा धजेना. पेपरात कोरी जागा राहिली तर माणसाची नोकरी जाते.

संपादन शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या होत्या. त्या माझ्याहून लहान असाव्यात. माझ्या पहिल्या लेखावर त्यांनी शेरा दिला, "तुमची वाक्यं बातमीची आहेत. जरा श्वास घेऊ द्या." मी वाक्ये लांब केली. त्यावर त्यांनी काही लिहिले नाही.

प्रकल्प जोडीने करायचा होता. कुणाचे तरी हस्तलिखित मिळवायचे, त्याचे संपादन करायचे, पाने लावायची, मुखपृष्ठ करायचे आणि डमी प्रत बांधून आणायची. माझी जोडीदार नाशिककडची मुलगी होती, वसतिगृहात राहणारी, संगणकावर तरबेज. पाने ती लावणार आणि मजकूर मी बघणार असे ठरले. बाकीच्या जोड्यांनी कुणी पाककृती घेतल्या, कुणी कॉलेजातल्या मित्राच्या कविता, कुणी मामाचे प्रवासवर्णन. मी माझ्या आत्याचे बोलणे घेतले. या निवडीमागे साहित्याचा काही विचार नव्हता. शनिवारचा वर्ग संपला की परत बेळगावला जाऊन रविवारी पुन्हा येणे अंगावर यायचे, म्हणून मी शनिवारी निपाणीत आत्याकडे मुक्काम करत असे. आत्या वाटेवर होती.

ती वडिलांची धाकटी बहीण. विणकराच्या घरातून निपाणीत लग्न होऊन गेली, आणि तिथे सगळ्या गल्लीबरोबर विड्या वळायला बसली. नवरा तंबाखूच्या वखारीत होता. तो गेल्यालाही खूप वर्षे झाली. मूलबाळ नाही. आता बोटे मिटत नाहीत म्हणून काम सुटले आहे, पण टीव्ही बघतानाही तिचा अंगठा पहिल्या बोटावरून फिरत असतो. मी मोबाइल तिच्यापुढे ठेवला आणि सांगितले, आत्या, बोल.

"ह्यात काय हाय गं बोलण्यासारखं? पान भिजवायचं, कापायचं, जर्दा घालायचा, वळायची, दोरा बांदायचा. संपलं तुझं पुस्तक."

पण पुस्तक संपले नाही. पावसाळाभर ती बोलत होती. सासूचे, पाण्याच्या नळाचे, शेजारणीच्या पोराच्या बारशाचे, आणि सगळ्यात जास्त मुकादमाचे. कारखान्याच्या वतीने विड्या तपासून घेणारा तो मुकादम चांगल्या विड्यांतूनही मूठभर काढून बाजूला टाकायचा, या खराब म्हणून. त्या बाजूच्या विड्याही तोच घरी न्यायचा. एके दिवशी आत्या त्याच्यासमोर बसली ती उठली नाही. तो भाग मी जसाच्या तसा उतरवला होता:

'मी पाटी घिऊन गेलतो. त्यो म्हणाला, ह्या चालत न्हाईत. मी काय बोललो न्हाय. तितंच त्येच्या फळीसमोर बसलो. उठ म्हणाला, उठलो न्हाय. माज्या मागच्या बायका बी बसल्या. बाजारातले लोक बघालते. त्येला कळंना काय करावं. शेवटी त्येनं काढलेल्या विड्या परत पाटीत घातल्या. मग मी उठलो, घरी आलो आणि मग रडलो.'

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे बाई स्वतःविषयी बोलताना आलो, गेलो, बसलो असेच म्हणते. दुसरीला ती 'तू आलीस' म्हणते, तिसरीविषयी 'ती आली' म्हणते, पण स्वतःपुरती ती आलो. निपाणीत असे, वडगावात असे, पलीकडच्या जिल्ह्यातही असेच. शाळेत हे चूक म्हणून शिकवतात आणि मुली शाळेतून घरी येऊन दारातच "आई, मी आलो" म्हणतात. मीही तेच म्हणत मोठी झाले. पेपरात लागल्यावर माझे ते बोलणे कचेरीपुरते गेले. कुणी टोकलेही नाही, आपोआप गेले. डेस्कवर एखाद्या बाईचे म्हणणे अवतरणात आले की आम्ही 'आलो'चे 'आले' करत होतो. तो नियम कुठे लिहिलेला नव्हता. गावाचे नाव कसे लिहायचे याचा मात्र लेखी नियम होता.

पहिली दोन प्रकरणे मॅडमना दाखवली. त्यांनी उभ्या उभ्या पाने चाळली.

"मजकूर चांगला आहे. पण लिंगाचे हे इतके दोष कसे राहिले? बाई बोलते आहे ना?"

"आमच्याकडे बायका अशाच बोलतात, मॅडम."

"संवादात ठेवा मग एखाद्या ठिकाणी, चव म्हणून. पण सगळं पुस्तक असं असेल तर वाचकाला पुरुष बोलतोय असंच वाटणार. बाहेरच्या परीक्षकांना तर पहिल्या पानावरच खटकेल." मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तुम्ही तर नाही बोलत असं."

त्यांचे निरीक्षण बरोबर होते.

त्या आठवड्यात डेस्कवरचे दोघे जण सोडून गेले आणि त्यांची पाने माझ्याकडे आली. मी जोडीदाराला कळवले की क्रियापदांचे पुढच्या शनिवारी बघू. ती मदतीला तत्पर मुलगी होती. तिने वाट पाहिली नाही. संगणकाला तिने एकच आज्ञा दिली: सगळ्या फाइलमध्ये जिथे जिथे 'लो' आहे तिथे 'ले' कर. मग दुसरी: 'तो' असेल तिथे 'ते'. एका क्षणात काम झाले. तिने पाने लावली, प्रिंट काढली, आणि शनिवारी वर्ग सुटल्यावर माझ्या हातात दिली. "ताई, सगळं प्रमाण करून टाकलंय," ती म्हणाली. मी आभार मानले आणि बसमध्ये झोपले.

संध्याकाळी आत्याने चहा ठेवला. तिचा चष्मा मोडला होता, तेव्हा तिला वाचून दाखवावे असे ठरले. पेपरातल्या माणसाला मोठ्याने वाचायची सवय नसते. मी मुकादमाचे पान काढले आणि एका सुरात वाचू लागले.

"मी काय बोलले न्हाय. तितंच त्येच्या फळीसमोर बसले. उठ म्हणाला, उठले न्हाय..."

"कोण?" आत्याने विचारले.

"तूच की."

"म्हंजे मी आता बाई झालो म्हण," आत्या म्हणाली. "इतक्या वरसांनी. वाच, वाच."

"माज्या मागच्या बायका बी बसल्या. बाजारातले लेक बघालते."

मी थांबले. पुन्हा बघितले. छापलेले तसेच होते. आत्याने चहाचे भांडे खाली उतरवले.

"बाजारातले काय?"

"लेक."

"कुणाचे लेक?"

मी पान उलटले. पुढे 'गल्लीतल्या लेकांनी पाणी बंद केलं' असे होते. त्याच्यापुढे 'पाव किले जर्दा' होता. सासूने 'लेणचं' घातले होते आणि शेजारीण 'तेंड वाकडं करून' बसली होती. लोक, लोकांनी, किलो, लोणचे, तोंड: 'लो' आणि 'तो' असलेला एकही शब्द सुटला नव्हता. मी ते एकेक वाचत गेले तशी आत्या पदर तोंडाला लावून हसू लागली. तिला धाप लागली.

"अगं, एवढे लेक असते मला," ती म्हणाली, "तर विड्या वळत कशाला बसलो असतो?"

मीही हसले. मग आत्या हसायची थांबली आणि अंगठा बोटावरून फिरवत बसली. टीव्ही आवाज न करता चालू होता.

मी तिला सगळे नीट सांगितले. हा घोळ कसा झाला, मॅडम काय म्हणाल्या, डेस्क बंद होणार आहे, परीक्षेला कोण येणार आहे आणि त्यांच्या हातात काय आहे. मी सांगितले की चुकीचे शब्द तर नीट करीनच, पण आलो-गेलोचे काय करायचे ते ठरवायचे आहे. 'आले' केले तर कुणाची काही तक्रार नाही. काम मिळण्याची शक्यता त्यातच जास्त आहे.

"मग कर की," आत्या म्हणाली. "मला काय विचारालीस? तुझ्या पोटाचा प्रश्न हाय. मी काय वाचणार हाय व्हय ते?"

"बोलणं तुझं हाय."

"ते मगाशी वाचलीस न्हवं, बसले, उठले न्हाय... मला वाटलं, त्या रांगंतल्या दुसऱ्या कुणाचं तरी सांगालीस. बसली आसंल ती बी. पर मी न्हवं ती." मग ती उठून भाकरीच्या पिठाला लागली. "तुला काय कराचं ते कर. चार भाकऱ्या खातीस का तीन?"

रविवारी मी जोडीदाराला म्हणाले की क्रियापदे परत मूळची करायची. तिचा चेहरा उतरला. लेकांचे कळल्यावर ती आधीच ओशाळली होती.

"ताई, मॅडमनी मार्क कापले तर? दोघींना सारखेच मार्क पडणार आहेत."

तिचे म्हणणे रास्त होते. तिलाही नोकरी हवी होती. मी म्हणाले की सुरुवातीला संपादकाची टीप घालू आणि तिच्याखाली फक्त माझे नाव असेल. त्यावर ती म्हणाली, "नाही, मग माझं पण घाला." असे का म्हणाली ते मी विचारले नाही. मूळ फाइलवर परत जाता येत नव्हते, कारण मधल्या काळात पानांवर इतर दुरुस्त्या झाल्या होत्या. म्हणून आम्ही दोघी वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर बसून एकेक शब्द हाताने उलट फिरवत गेलो. ती पडद्यावर, मी कागदावर. टीप मी मोठी लिहिली होती, बोलीचा इतिहास वगैरे घालून. नंतर कापत कापत एवढी ठेवली:

'या पुस्तकात बोलणारी बाई आहे. ती स्वतःविषयी बोलताना आलो, गेलो असे म्हणते. तिच्या भागात बायका असेच बोलतात. ते तसेच ठेवले आहे.'

"एवढंच?" जोडीदाराने विचारले.

"एवढंच."

तोंडी परीक्षेच्या दिवशी बस बंद होत्या. कुठेतरी कुणीतरी एका बसला काळे फासले होते. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या बाजूला दुसऱ्या बसला फासले होते. असे झाले की दोन्ही राज्यांच्या बस आपापल्या हद्दीत थांबतात. आमच्या भागात याचे कुणी कारण विचारत नाही, वडाप, म्हणजे खासगी जीप, कुठून मिळेल एवढेच विचारतात. आदल्या दिवशी या प्रकाराची बातमी मीच लावली होती. निपाणीपर्यंत बस मिळाली. तिथून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून नाक्याच्या अलीकडे उतरले, बाकीच्या प्रवाशांबरोबर पिशवी घेऊन नाका चालत ओलांडला आणि पलीकडे दुसरी जीप भरायची वाट पाहत उभी राहिले. शेजारी एक म्हातारा कोंबडीची टोपली घेऊन उभा होता. तो टोपलीकडे बघून म्हणाला, "हिला कळतंय का, कुटल्या राज्यात आलीया ते?" कुणी हसले नाही. सगळे कंटाळले होते.

मी पोचले तेव्हा बाकीच्या जोड्यांचे झाले होते. खोलीत मॅडम होत्या, बाहेरचे परीक्षक होते आणि टेबलापुढे माझी जोडीदार एकटी उभी होती. घामाने माझे केस कपाळाला चिकटले होते. दारातूनच मी म्हणाले, "बसा बंद हैत, सर. नाक्यावरनं चालत आलो."

मॅडमनी मान वर केली. जोडीदाराने खाली घातली. परीक्षक वयस्क होते, आमची डमी त्यांच्यापुढे टिपेच्या पानावर उघडी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पानाकडे पाहिले.

"म्हणजे टीप खरी आहे," ते म्हणाले. "बसा. पाणी घ्या."

मी बसले. काय बोलून गेले ते माझ्या तेव्हा लक्षात आले. दुरुस्त करून घेण्याइतका उत्साह राहिला नव्हता.

त्यांनी बोलीविषयी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. अक्षराचा आकार हाच का घेतला, समास आत इतका कमी का ठेवला, बांधणीत शब्द गेले असते, कागद कुठला, असे विचारत गेले. काहींची उत्तरे मी दिली, काहींची जोडीदाराने. शेवटी त्यांनी एका पानावर बोट ठेवले.

"इथे 'देवळातले लेक निघून गेले' असं आहे. हेही तुमच्या भागातलं का?"

जोडीदाराने जीभ चावली. आम्ही दोघींनी इतके तपासूनही एक लेक तसाच राहिला होता.

"नाही सर," मी म्हणाले. "ती चूक आहे."

ते मोठ्याने हसले आणि त्यांनी समासात लाल खूण केली. बाहेर आल्यावर जोडीदाराने माझा हात धरला. "ताई, गेलं ना काम?" ती म्हणाली. मी म्हणाले, "बघू." परतीसाठी जीप मिळायची होती.

गुण मध्यम पडले. दोघींना सारखेच. मॅडमनी शेऱ्यात 'संपादकीय भूमिका स्पष्ट, पटण्यासारखी नाही' असे लिहिले होते. वाक्य चांगले होते, बातमीचे होते. जोडीदार पुढे एका जाहिरात कंपनीत लागली. डेस्क ठरल्याप्रमाणे बंद झाला. संगणक खोक्यांत भरून गेले आणि भिंतीवर त्यांच्या जागेचे स्वच्छ चौकोन राहिले. त्यानंतर काही आठवड्यांनी परीक्षकांचा फोन आला. पगारी जागा आता नाही, पण पानामागे मोबदला देऊन हस्तलिखिते पाठवता येतील, जमेल का, असे त्यांनी विचारले. मी जमेल म्हणाले. आत्याचे पुस्तक छापण्याविषयी ते बोलले नाहीत, मीही विचारले नाही. डमीची एक प्रत आत्याकडे टीव्हीखाली आहे. पाहुणे आले की ती काढून त्यांच्या मांडीवर ठेवते आणि म्हणते, "लेक शोदा ह्यातला."

आता मी वडगावात मागच्या खोलीत काम करते. पुढे माग चालू असतो. आलेले पहिले हस्तलिखित गडहिंग्लजकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचे होते, स्वतःच्या नोकरीच्या आठवणी. बहुतेक ठिकाणी त्यांनी आले, गेले, शिकले असे लिहिले होते. पण मध्येच, आई वारली तिथे, बदली झाली तिथे, पाने उलटत जावे तसे आलो, बसलो, रडलो येत होते. सोबत संस्थेचे नियमपत्र होते: क्रियापदे प्रमाण आणि एकसारखी ठेवावीत.

मी समासात लिहून विचारले, ही तशीच ठेवावीत का? पुण्याहून उत्तर आले: 'तुमच्या आत्यांची गोष्ट वेगळी. या शिक्षिका आहेत, प्रमाण जाणतात. एकसारखे करावे. तरी लेखिकेला विचारून घ्या.' यात न पटण्यासारखे काही नव्हते. मी लेखिकेला फोन लावला.

"करा की बाई," त्या म्हणाल्या. "चुकून ऱ्हायलं आसंल. शाळेत मी पोरींना हेच तर शिकवत होतो."

मी आभार मानून फोन ठेवला.

मग कामाला लागले. संगणकाला आज्ञा दिली नाही. 'लो' शोधायचे, थांबायचे, बघायचे, बदलायचे. लोक आले की पुढे जायचे. लोणी आले की पुढे जायचे. बसलो आले की बसले करायचे. पुढच्या खोलीत धागा तुटला तसा माग थांबला, अण्णाने काहीतरी पुटपुटत तो जोडला आणि पुन्हा चालू केला. मी आई वारल्याच्या पानावर आले होते तेव्हा आत्याचा फोन आला.

"जेवलीस का?"

"न्हाय अजून."

"दुपार टळली की. काय करालीस एवढा येळ?"

"काम करालोय, आत्या," मी म्हणाले.